विषय तोच, धडा तोच, तरी शेरा 'जुळत नाही': अमेरिकन पेपरचे २६ आयटम परत आलेत

राजारामपुरी_नववी_गल्ली

इथलं वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच.

शिवाजी विद्यापीठातनं इंग्रजी एम.ए., मग बी.एड., मग नऊ वर्षं ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर. ज्यांनी तासिका तत्त्व भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आता दोन वर्षं झाली, घरात बसून अमेरिकेतल्या हायस्कूलसाठी प्रश्न लिहिते. काम एका कंपनीकडनं येतं, कंपनीला तिकडच्या प्रकाशकाकडनं. या धंद्यात प्रश्नाला 'आयटम' म्हणतात. फोनवर "आज माझे बारा आयटम झाले" म्हटलं की सासूबाई अजून दचकून बघतात.

यावेळचं काम अकरावीचं. अमेरिकन साहित्याचे ३० आयटम, अमेरिकेच्या इतिहासाचे ३०. प्रत्येक आयटमपुढं तो कुठल्या स्टँडर्डचा आहे, म्हणजे मुलाला काय यायला पाहिजे याच्या यादीतल्या कुठल्या वाक्याचा, ते टॅग करायचं. साहित्याला कॉमन कोअरची (तिकडच्या बऱ्याच राज्यांनी घेतलेली सामाईक यादी) २०१० ची यादी दिलीय. इतिहासासाठी कॉमन कोअरमध्ये वाचनाची कौशल्यं आहेत, पण कुठला कालखंड, कुठली घटना शिकवायची हे नाही. म्हणून तिथं जॉर्जिया राज्याची यादी दिलीय, २३ स्टँडर्डांची.

साठ पाठवले, परवा सव्वीस परत आले. सगळ्यांवर लाल अक्षरात एकच शेरा: नॉट अलाइंड. का, ते कुठंच नाही. आयटमला १८० रुपये, दुरुस्ती फुकट, मुदत शुक्रवारची. इकडं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर जाऊन बसलीय आणि लाइट दिवसातनं चारदा जातेय.

नमुन्याला चार-पाच सांगते.

गुलामीतनं सुटून गुलामीविरुद्ध बोलणाऱ्या फ्रेडरिक डग्लसचं चार जुलैवरचं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनावरचं भाषण. माझा प्रश्न: हे भाषण कोणत्या शहरात झालं? उत्तर रॉचेस्टर, ५ जुलै १८५२. टॅग आरआय ११-१२.९ (अकरावी-बारावीच्या माहितीपर वाचनाचं नववं स्टँडर्ड), ज्यात सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले पायाभूत अमेरिकन दस्तऐवज येतात. भाषण एकोणिसाव्या शतकातलं, अमेरिकन, पायाभूत. आणखी काय जुळायचं राहिलं?

'टू किल अ मॉकिंगबर्ड' कादंबरीतल्या खटल्यावर एक. टॅग आरएल ११-१२.९ (तसंच, पण साहित्याच्या वाचनाचं), अठरावं, एकोणिसावं आणि विसाव्या शतकाची सुरुवात. गोष्ट १९३० च्या दशकातली. ती सुरुवातच झाली की.

लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण, १८६३. त्यालाही आरआय ११-१२.९. परत.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणावर. ते दोन्ही पेपरांत घेतलं होतं. साहित्यात विचारलं, हे भाषण कोणत्या युद्धाच्या अखेरीस दिलं गेलं? इतिहासात विचारलं, शेवटच्या परिच्छेदात कोणता अलंकार आहे? दोन्ही परत! यादीत त्या भाषणाचं नाव छापलेलं आहे हो, माझं मी घातलेलं नाही.

बी.एड.ला आपण संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा करायचो. उद्दिष्टानुसार भारांश, आशयानुसार भारांश, प्रश्नप्रकारानुसार भारांश. खरं सांगायचं तर आमच्या बॅचला सगळे आधी प्रश्नपत्रिका काढायचे आणि तक्ता मागनं भरायचे, बेरीज २५ आली की झालं. त्यावर कुणी कधी काही बोललं नाही. म्हणून विचारते, विषय जुळला, धडा जुळला, तर 'जुळत नाही' म्हणजे नेमकं काय जुळत नाही?

खडू_डस्टर

ताई, मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक, करवीर तालुक्यातला. अमेरिकन परीक्षांशी माझा संबंध नाही, पण तुमचं दुखणं ओळखीचं आहे आणि ते तुम्ही स्वतःच शेवटच्या परिच्छेदात लिहून ठेवलं आहे. तक्ता मागून भरायचा. आताही तुम्ही तेच केलं. आधी प्रश्न सुचला, मग त्याला चिकटवायला यादीतला नंबर शोधला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 'शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी किती टक्के जागा राखून ठेवल्या?' हा प्रश्न मी स्वतः वीस वर्षं विचारला. मुलं झोपेतही ५० म्हणतात. आता समजा अध्ययन निष्पत्ती अशी आहे, की विद्यार्थी मूळ साधनाचा अर्थ लावतो. माझा प्रश्न त्याच विषयावरचा, त्याच महाराजांवरचा, पण साधन कुठं आहे आणि अर्थ कुणी लावला?

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी २६ जुलै १९०२ च्या आदेशाचा मजकूरच वर्गात वाटायला लागलो. महाराज तेव्हा विलायतेत होते. मजकुरात असं आहे, की आदेश मिळाल्या तारखेपासून ज्या रिकाम्या जागा भरल्या जातील त्यांतल्या ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. मग विचारायचो: आधीपासून नोकरीत असलेल्यांचं काय? आणि 'मागासलेले' कोण, हे आदेश नावं घेऊन सांगतो की काही जाती वगळून? मुलं बोट ठेवून वाचायची. वगळून, हे उत्तर शोधायला एका वर्गाला अख्खा तास लागला. पण त्या वर्गातल्या एका पोरानं विचारलं, "सर, मग जे आधीपासून बसलेत ते तसेच बसणार?" असा प्रश्न मला वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

तेव्हा यादीतल्या प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करा. मुलानं काय करायचं आहे? सांगायचं, तुलना करायची, की तपासायचं? प्रश्न त्या क्रियापदापासून लिहायला घ्या.

जाता जाता, डग्लस आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच.

फुकटचा_सल्ला

एवढं डोकं कशाला लावायचं? यादी आणि आयटम एआयला द्या, दोन मिनिटांत टॅग करून देतो.

राजारामपुरी_नववी_गल्ली

दिलं होतं. त्यानं जिथं लिंकन दिसला तिथं लिंकनचं नाव असलेलं स्टँडर्ड लावलं. हे तर मला फुकटात जमत होतं.

गडहिंग्लजचा_गडी

ताई, मी मूळचा गडहिंग्लजचा, आता बारा वर्षं अटलांटाजवळ एका हायस्कूलला शिकवतोय. तुमची इतिहासाची यादी आमच्या वर्गातल्या भिंतीवर चिकटवलेली आहे. इथं जॉर्जिया माइलस्टोन्स म्हणून राज्याच्या परीक्षा आहेत, त्यात 'अमेरिकन साहित्य' आणि 'अमेरिकेचा इतिहास' दोन्ही कोर्स संपल्यावर होतात. केंद्राच्या कायद्यानं वाचन, गणित, विज्ञानाची परीक्षा राज्यांना घ्यावीच लागते, इतिहासाची सक्ती नाही. आमच्या राज्यानं ती आपण होऊन ठेवलीय.

सोपं आधी. मॉकिंगबर्ड १९६० ला छापलं. स्टँडर्डमध्ये शतक मोजतात ते पुस्तक कधीचं त्यावरनं, गोष्ट कधीची त्यावरनं नाही. तो टॅग कसाही फिरवला तरी बसणार नाही. दुसऱ्या स्टँडर्डखाली चालेल, पात्रं, निवेदन, काय पाहिजे ते. शिवाय त्याच स्टँडर्डमध्ये पुढं म्हटलंय, की एकाच काळातली दोन किंवा जास्त पुस्तकं सारखा विषय कसा हाताळतात. तुमच्याकडं एकच पुस्तक आहे.

गेटिसबर्गचं असं आहे, की कॉमन कोअरनं तेच नववी-दहावीच्या यादीत नाव घेऊन घातलंय. वॉशिंग्टनचा निरोप, गेटिसबर्ग, रूझवेल्टचं चार स्वातंत्र्यांवरचं भाषण आणि मार्टिन ल्यूथर किंगचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र, ही सगळी नववी-दहावीला. अकरावी-बारावीला स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संविधानाची प्रस्तावना, बिल ऑफ राइट्स आणि लिंकनचं दुसरं शपथविधीचं भाषण. आता 'यांसह' म्हटलंय, म्हणजे बाकीचं बंद नाही. पण रिव्ह्यूअर हेच म्हणणार, की खालच्या इयत्तेचं काम वरच्या इयत्तेत का लावता? त्याच्याशी भांडत बसू नका. किंगचं पत्र मात्र आरआय ११-१२.९ ला लावलं असेल तर आत्ताच काढा, ते १९६३ चं आहे.

आता लिंकन. तुमचे दोन आयटम नुसते अदलाबदल झालेत. साहित्याच्या स्टँडर्डमध्ये तीन गोष्टी आहेत: आशयसूत्र, हेतू, आणि भाषेची धाटणी. इतिहासाच्या नवव्या स्टँडर्डमध्ये यादवी युद्ध आहे आणि तिथं हेच भाषण लिंकननं कशासाठी दिलं हे विचारलंय. भाषण एकच, पण एका तासाला मी त्याची वाक्यं उघडतो आणि दुसऱ्या तासाला तारखा.

साहित्याच्या तासाला मी एकच वाक्य फळ्यावर लिहितो. आपल्या भाषेत सांगायचं तर: दोन्ही बाजूंना युद्ध नको होतं, पण एक बाजू राष्ट्र टिकू देण्यापेक्षा युद्ध करायला तयार होती, आणि दुसरी राष्ट्र बुडू देण्यापेक्षा युद्ध स्वीकारायला तयार होती, आणि युद्ध आलं. बघा की, वाक्यभर कर्ता माणसं आहेत. एक बाजू, दुसरी बाजू. आणि शेवटच्या तीन शब्दांत माणसं गायब, युद्ध स्वतःच चालत आलं, जसा काय पाऊस. मी विचारतो, हा माणूस जिंकत आलेल्या बाजूचा अध्यक्ष आहे, त्यानं 'त्यांनी युद्ध लादलं' असं सरळ का नाही म्हटलं? पोरं आधी गप्प बसतात. मग कुणीतरी शेवटच्या परिच्छेदावर जातं, कुणाबद्दलही आकस न ठेवता, तिथं. मग त्यांना कळतं, की शेवट जुळावा म्हणून आधीपासून जिभेला आवर घातलाय. हा तुमचा साहित्याचा आयटम. चार पर्याय याच्यावरच लिहा, अलंकाराचं नाव विचारू नका.

इतिहासाच्या तासाला तेच भाषण, पण शेजारी दोन तारखा. ३१ जानेवारी १८६५ ला गुलामी बंद करणारी तेरावी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली. ४ मार्चला हे भाषण. दक्षिणेचा सेनापती ली, त्यानं शरणागती पत्करली ती ९ एप्रिलला. म्हणजे बोलताना युद्ध चालूच आहे, पण हा माणूस युद्धानंतरचं बोलतोय. कशासाठी? बरोबर उत्तरात पुनर्बांधणीची तयारी आली पाहिजे, आणि ते पोरानं तारखा आणि मजकूर दोन्ही बघूनच काढलं पाहिजे.

डग्लसही तसाच. रॉचेस्टर विसरा. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या चार ओळी आणि डग्लसच्या चार ओळी शेजारी ठेवा. तो 'तुमचं राष्ट्र', 'तुमचे पूर्वज' म्हणत राहतो आणि मग म्हणतो, हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. त्या 'तुमचा'वर आयटम लिहा.

एक राहिलं, यादी कुठल्या वर्षाची ते कंपनीला विचारून घ्या. राज्यं यादी बदलत असतात.

तक्त्यांत_अडकलेली

मी पुण्यात हेच रिव्ह्यूचं काम करते. (तुमचे आयटम माझ्याकडे आलेले नव्हते, आधीच सांगते! कारण न लिहिता शेरा मारणारा रिव्ह्यूअर मलाही आवडत नाही.)

सरांचं बहुतेक पटलं, एक सोडून. क्रियापदावर फार विसंबू नका. नॉर्मन वेब नावाच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकानं १९९७ मध्ये जुळणी मोजायची जी पद्धत मांडली, तीच आम्ही कमी-जास्त करून वापरतो. त्यात प्रश्न किती खोल विचार करायला लावतो याच्या चार पायऱ्या आहेत, आम्ही डीओके (डेप्थ ऑफ नॉलेज) म्हणतो: आठवण, कौशल्य, विचारपूर्वक युक्तिवाद, आणि लांबचं काम. पण पायरी क्रियापदानं ठरत नाही, त्याच्यापुढं काय येतं त्यानं ठरते. 'वर्णन करा' घ्या. लिंकनच्या दिसण्याचं वर्णन करा, ही पहिली पायरी. दोन भाषणांत त्याची भूमिका कशी बदलली त्याचं वर्णन करा, ही तिसरी. क्रियापद तेच.

वेबच्या पद्धतीत आणखी हिशेब आहेत आणि तुमचा इतिहासाचा पेपर बहुधा तिथं अडकला असणार. एका गटाखाली किमान सहा आयटम असावेत, त्यातले निम्मे तरी स्टँडर्डच्या खोलीइतके किंवा जास्त खोल असावेत, आणि गटातल्या निम्म्या उद्दिष्टांना तरी एकेक आयटम लागलेला असावा. २३ स्टँडर्डांना प्रत्येकी सहा म्हणजे १३८ आयटम, ते कोण देणार? म्हणून स्टँडर्डं कालखंडांत बांधतात. तीस आयटमचा पेपर पाच कालखंडांत बांधला तर प्रत्येकी सहा बरोबर बसतात. तुमचे यादवी युद्धावर किती आहेत, खरं सांगा.

आणि एक घरगुती चाचणी. पॅसेज झाकून आयटम कुणाला तरी सोडवायला द्या, ज्याला अमेरिकेचं काही माहीत नाही अशा माणसाला. त्याला उत्तर आलं तर तो आयटम वाचन तपासतच नाही, मग टॅग काहीही लावा. पुराव्याच्या स्टँडर्डसाठी दोन भागांचा आयटम सगळ्यात बरा: पहिल्या भागात निष्कर्ष, दुसऱ्यात त्याला आधार देणारं वाक्य पॅसेजमधनं निवडायचं. मात्र दुसऱ्या भागातल्या वाक्यांवरनं पहिल्याचं उत्तर फुटत नाही ना, ते बघा. नव्या माणसाचं हमखास तिथं फुटतं.

राजारामपुरी_नववी_गल्ली

सर, मॅडम, गडहिंग्लजचे दादा, सगळ्यांना वाकून नमस्कार.

मोजले. यादवी युद्धावर अकरा. उद्योग, रेल्वे, कामगार संघटना या सगळ्या कालखंडावर एक, आणि तो म्हणजे 'विजेच्या दिव्याशी कोणाचं नाव जोडलं जातं?' स्टँडर्ड उघडून आता नीट वाचलं तर तिथं मोठे उद्योग, कामगार संघटना आणि नवं तंत्रज्ञान यांचा एकमेकांशी संबंध तपासायला सांगितलंय. माझ्या आयटममध्ये एडिसन एकटाच दिवा लावून बसलाय. हे परत आलं नसतं तर नवल.

पॅसेज झाकून चाचणी नवऱ्यावर केली. मार्केट यार्डात गुळाची अडत आहे, डग्लसचं नाव त्यानं जन्मात ऐकलेलं नाही. आठ आयटम दिले, सहा बरोबर! मी थक्क. म्हटलं, कसं काय? म्हणाला, "तुझा सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतोय. खोटी उत्तरं तू घाईत लिहितेस." सौद्यात समोरच्याच्या तोंडावरनं भाव ओळखायची सवय, बायकोचे पर्याय काय चीज आहे! त्या रात्री आठही आयटमचे पर्याय पट्टीनं मोजल्यासारखे एका लांबीचे केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिले, दोन बरोबर आले. आता तो रोज जेवताना विचारतोय, आज परीक्षा नाही का.

'आणि युद्ध आलं'वर आयटम लिहिला. एका वाक्यावर अख्खी दुपार गेली. चौथा पर्याय काही केल्या सुचेना, शेवटी तो वर्गातल्या चुकीच्या उत्तरावरनंच लिहिला. माझ्या ज्युनिअर कॉलेजातली मुलं अशा ठिकाणी हमखास म्हणाली असती, की लेखकाला कोण दोषी ते माहीत नव्हतं. तोच पर्याय घातला. खोटा, पण खरा वाटणारा.

एक शंका अजून आहे. दोन भागांच्या आयटमला हेतूचंही स्टँडर्ड लागतं आणि पुराव्याचंही. दोन टॅग लावू का?

तक्त्यांत_अडकलेली

मुख्य एकच, ज्याच्यासाठी गुण देताय तो. दुसरा दुय्यम रकान्यात. मोजणी करताना फक्त मुख्य धरतात. दोन्ही मुख्य लावले तर तुमची संख्या फुगते आणि ते पहिल्यांदा आमच्याच डोळ्यात येतं.

खडू_डस्टर

यजमानांना आमच्याकडून शंभरपैकी शंभर. गुळाच्या अडतीत बसूनही परीक्षक होता येतं, हे आमच्या मंडळाला कळवायला हवं.

राजारामपुरी_नववी_गल्ली

शुक्रवारी रात्री अकराला पाठवले. लाइट नव्हती, मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून. आज उत्तर आलं: सव्वीसपैकी एकवीस पास, चार पुन्हा दुरुस्तीला, यावेळी कारणासकट. मॉकिंगबर्डचा बसवायचा नाद सोडला, काढूनच टाकला. १८० रुपये गेले. पाणी ३७ फुटांवर आलंय.